पहाटेची पेठ आधी तिथल्या माणसांची आहे : पुण्यात वारसा फेऱ्या काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्याच्या जुन्या पेठांतून पहाटेच्या वारसा फेऱ्या काढणाऱ्या सर्व संस्था, पर्यटन व्यावसायिक, हौशी मंडळे आणि स्वतंत्र मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपता संपता आमच्या आळीतील रहिवाशांनी सह्या करून एक विनंतीपत्र तुमच्यापैकी काही आयोजकांकडे पोहोचते केले होते. गट लहान ठेवावेत, स्पीकर वापरू नयेत आणि वाड्यात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे, एवढ्याच तीन गोष्टी त्यात मागितल्या होत्या. त्या पत्राला आजवर कोणाचेही उत्तर आलेले नाही. उलट थंडीचा हंगाम सुरू होताच फेऱ्यांच्या नव्या जाहिराती झळकू लागल्या, आणि त्यांपैकी काहींत कितीही जणांनी नावे नोंदवावीत, सर्वांना सामावून घेतले जाईल, असे आवर्जून लिहिलेले आहे. खासगीत केलेल्या विनंतीची दखल घेतली जात नसेल तर तीच गोष्ट चारचौघांत मांडणे भाग पडते. म्हणून हे पत्र तुम्हाला उद्देशून असले, तरी फेरीसाठी पैसे भरणाऱ्या प्रत्येक पुणेकराने आणि बाहेरगावच्या पाहुण्यानेही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

या विषयाशी माझा संबंध दुहेरी आहे. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माझा जन्म झाला आणि आजही मी तिथेच राहतो. शिवाय गेली बरीच वर्षे मी स्वतः दहा-बारा जणांना बरोबर घेऊन पहाटे पेठांतून फिरतो आणि मला जे ठाऊक आहे ते त्यांना सांगतो. त्यामुळे फेऱ्या बंद करा, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उजाडताना पेठेतून चालणे हा या शहराची ओळख करून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, असे मी मानतो आणि तेच मला या पत्राद्वारे वाचवायचे आहे.

पहाटच का, याचे उत्तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दहा वाजल्यानंतर लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक किंवा तुळशीबाग येथे वर पाहायला उसंत मिळत नाही. दुकानांच्या पाट्यांमागे कोरीव महिरपी आहेत, सज्जाखाली त्याला आधार देणारे कोरीव लाकडी हस्त आहेत, हे दिसतच नाही. पहाटे शटर खाली असतात, रस्ता मोकळा असतो, आणि विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जासमोर उभे राहून दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास केवढ्या हौसेने तो बांधून घेतला असेल, याचा अंदाज शांतपणे घेता येतो. कार्तिकात देवळांतून काकडआरती चालू असते. मंडईत भाजीची पोती उतरत असतात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात, झाडणाऱ्या बायका निम्मा रस्ता झाडून पुढे गेलेल्या असतात. हे सगळे जण कामावर असतात आणि उरलेली पेठ झोपेत असते. पहाटेची फेरी या दोन्ही प्रकारच्या माणसांमधून जाते, म्हणूनच ती लहान आणि हलक्या पावलांची असावी लागते. पन्नास-साठ जणांची रांग गल्लीत शिरली की जी शांतता दाखवायला आपण लोकांना आणले, ती त्या रांगेनेच संपवलेली असते.

माझी पहिली तक्रार या संख्येबद्दल आहे. जाहिरातीत 'छोटा गट' असे शब्द असतात आणि प्रत्यक्षात दोन गट एकापाठोपाठ एक सोडून कोपऱ्यावर एकत्र केले जातात. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे उदाहरण घ्या. १७५४ साली बांधायला सुरुवात झालेल्या आणि १७७० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराचा दर्शनी भाग शिल्पांनी भरलेला आहे, आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेख आहे, आणि भिंतीवर परदेशी वेशातल्या शिपायांनी साखळीने बांधलेला गेंडा कोरलेला आहे. अठराव्या शतकातल्या पुण्यातील एका कारागिराने तो गेंडा का कोरला असेल, यावर तासभर बोलता येईल. पण ते शिल्प मोठे नाही आणि त्याच्यासमोरची जागाही मोठी नाही. दहा जण असले तर प्रत्येकाला जवळ जाऊन पाहता येते, प्रश्न विचारता येतो आणि शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागत नाही. पन्नास जण असले तर पहिल्या दोन रांगांना काहीतरी दिसते, मागच्यांना मोबाइलवर काढलेला फोटो दिसतो आणि समोरच्या घरातील माणसाला आपल्याच दारातून बाहेर पडता येत नाही.

संख्या वाढली की आवाज आलाच. कमरेला स्पीकर आणि कानाशी माइक लावून साडेपाच वाजता बोळात उभे राहून बोलणारे मार्गदर्शक आता दर रविवारी ऐकू येतात. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तो नियम तुम्हालाही लागू आहे. पेठेतील घरे एकमेकांना चिकटलेली आहेत, बोळ अरुंद आहेत, आणि एका भिंतीवर आदळलेला आवाज दुसऱ्या भिंतीवरून वर चौथ्या खणापर्यंत जातो. तिथे आजारी माणसे असतात, रात्रपाळीवरून नुकतेच आलेले लोक असतात, परीक्षेची मुले असतात. त्यांना उठवून सांगितलेला इतिहास कितीही खरा असला, तरी तो सांगण्याची ही रीत चुकीची आहे.

दुसरी तक्रार वाड्यांत शिरण्याबद्दल आहे, आणि ती मला अधिक जिव्हाळ्याची आहे. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणजे आत यायला परवानगी आहे, असा समज तुमच्यापैकी काहींनी आपल्या पाहुण्यांचा करून दिला आहे. वाड्याचा चौक हे आमचे घर आहे. तिथे सकाळी पाणी भरले जाते, अंघोळीसाठी माणसे टॉवेल खांद्यावर टाकून उभी असतात, वाळत घातलेले कपडे असतात. त्या अवस्थेत आमच्या बायकामुलांचे व्हिडिओ काढले गेले आहेत आणि आम्हाला न विचारता लोकांसमोर ठेवले गेले आहेत. हटकल्यावर एका मार्गदर्शकाने मला ऐकवले की, वारसा सर्वांचा असतो. वारसा सर्वांचा असेल. ओसरीवर झोपलेली माझी वृद्ध आत्या सर्वांची नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट बोलतो. आमच्या चौकात उभे राहून, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, 'बघा, इथल्या लोकांना आपल्या ठेव्याची किंमत नाही' असे सांगितले जाते. वाडे का पडत आहेत, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. दगडी जोते, सागवानी सांगाडा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती यांना दरवर्षी डागडुजी लागते. भाडे नियंत्रण कायद्यामुळे दशकानुदशके गोठलेल्या भाड्यातून ती करणे मालकाला परवडत नाही, आणि जागा हातची जाईल या भीतीने भाडेकरू जागा सोडत नाही. पुढे वाटण्या होतात, दावे होतात, पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले. जे उरले त्यांतल्या अनेकांच्या पायात ते पाणी तेव्हापासूनच मुरलेले आहे. हे सगळे वगळून रहिवाशांवर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. ज्या लाकडी जिन्यांवरून आम्ही एकेकटे, भिंतीच्या बाजूने चढतो, त्यांवरून पंधरा-वीस जणांना एकदम वर नेणे तर धोक्याचे आहे. एखादी पायरी मोडून कोणी जायबंदी झाले तर त्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार तुमच्या नोंदणी-अर्जात कुठेही दिसत नाही.

तांबट आळीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण प्रश्न साधा आहे. पेशवाईच्या काळापासून तांब्या-पितळेची भांडी घडवणारे हे कारागीर मठारकामासाठी ओळखले जातात. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवण्याची ती कला आहे आणि ती शिकायला वर्षे लागतात. त्यांच्या कामाची वेळ ठरलेली असते. तुमच्या गटाच्या सोयीसाठी त्यांनी लवकर येऊन फोटोपुरते चार ठोके मारून दाखवावेत, अशी अपेक्षा केली जाते, आणि निघताना आभारापलीकडे काही दिले जात नाही. ज्याच्या कामाच्या दर्शनासाठी तुम्ही शुल्क आकारता, त्याचा त्या शुल्कात वाटा असला पाहिजे. हेच तुमच्या तरुण मार्गदर्शकांनाही लागू आहे. इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रमाणपत्राच्या मोबदल्यात फेऱ्या करून घेणे थांबवा. पहाटे चारला उठून तीन तास चालणे आणि बोलणे हे काम आहे आणि कामाला मोबदला असतो.

आता सर्वांत गंभीर तक्रारीकडे येतो. फेरीत जे सांगितले जाते, त्यातले बरेच काही खरे नसते.

लाल महालासमोर उभे राहून 'याच खोलीत शाहिस्तेखानाची बोटे तुटली' असे सांगणारा मार्गदर्शक मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी घातलेला छापा हा इतिहास आहे. पण तो मूळ महाल आज उभा नाही आणि सध्याची वास्तू विसाव्या शतकात बांधलेली आहे, हे सांगितल्याने त्या छाप्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट मूळ वास्तू नाहीशी झाल्यावरही एका शहराने ती आठवण कशी जपली, हे पाहुण्याला कळते.

शनिवारवाड्याचे तर आपण फारच नुकसान केले आहे. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झालेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा सुमारे पंच्याऐंशी वर्षे हिंदुस्थानच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होता. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याच्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. पहाटेच्या गटाला मात्र खिळे जडवलेल्या बंद दिल्ली दरवाजासमोर 'काका, मला वाचवा' ही किंकाळी अमावस्येला ऐकू येते, एवढेच सांगितले जाते. काही फेऱ्यांची तर जाहिरातच भुताच्या नावाने होते. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच्याच वाड्यात गारद्यांनी खून केला. त्यानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेवर आलेल्या त्याच्या काकांना, राघोबादादांना दोषी ठरवले, बारभाईंनी म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी कारभार हाती घेतला, नारायणरावाच्या मागे पुरंदरावर जन्मलेल्या मुलाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, आणि तो सवाई माधवरावही १७९५ मध्ये याच वाड्यात उंचावरून पडून गेला. न्यायाधीशाने सत्ताधीशाला दोषी म्हणण्याची हिंमत दाखवल्याची घटना हाताशी असताना तुम्ही लोकांना भूत का विकता, हे मला खरोखरच समजत नाही. 'ध' चा 'मा' केल्याची कथा अवश्य सांगा, पण ती परंपरेने चालत आलेली कथा आहे, हे सांगून सांगा.

फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदाबाबतही तेच. शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. मुलीला शिकवल्याच्या रागातून तिला काच घातलेला लाडू खायला दिला, ही गोष्ट तिथे सांगितली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. परंतु ती आठवणीतून आलेली गोष्ट आहे, कागदोपत्री सिद्ध झालेली घटना नव्हे, एवढे एक वाक्य जोडणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. आणि त्याच दमात हेही सांगायला हवे की महात्मा फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला होता. कात्रजहून नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या भुयारी नळाने पाणी शहरात आले, त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारे उंच बांधीव खांब, तुम्ही हौसेने दाखवता. ते पाणी ज्या हौदांत पडत होते त्यांवर कोणाला हात लावता येत होता आणि कोणाला नव्हता, हा भाग मात्र बहुतेक फेऱ्यांत गाळला जातो.

गाळण्याचा हा प्रकार मार्गांच्या आखणीतही दिसतो. फेरी कसबा गणपतीपासून निघते, शनिवारवाडा, विश्रामबाग, तुळशीबाग करत मंडईच्या आसपास न्याहारीला थांबते. दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा आहे, तिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. ती जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली, आणि 'आता बघायला काही नाही' म्हणून गट तिच्यावरून तसाच पुढे नेला जातो. मंडईच्या अष्टकोनी इमारतीचे कौतुक होते. पण १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झालेल्या या बाजाराच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना ज्यांनी विरोध केला, त्याच फुल्यांचे नाव आज तिला आहे, हे कोणी सांगत नाही. चार पावले पुढे जाऊन गंज पेठेतील फुले वाड्यापर्यंत जाणाऱ्या फेऱ्या फार थोड्या आहेत. पुण्याचा इतिहास एका पेशवाईत संपवणे हे पेशवाईवरही अन्याय करणारे आहे, कारण तिच्या आधीचे आणि नंतरचे पुणे दाखवल्याशिवाय तिचे मोठेपण आणि तिच्या मर्यादा दोन्ही कळत नाहीत.

संख्येवर मर्यादा घातली तर व्यवसाय चालणार कसा, असे तुमच्यापैकी काही जण विचारतील. ॲमस्टरडॅमने २०२० पासून शहराच्या जुन्या भागात मार्गदर्शक एका वेळी पंधराहून अधिक माणसे नेऊ शकणार नाही, असे ठरवले. व्हेनिसने २०२४ मध्ये गटाची मर्यादा पंचवीसवर आणली आणि ध्वनिक्षेपकांना बंदी घातली. त्या शहरांतले पर्यटन थांबलेले नाही. आपल्याकडे असा नियम कोणी लादण्याची वाट पाहू नये, असे मला मनापासून वाटते. तुम्ही एकत्र बसून स्वतःहून शिस्त ठरवलीत, तर रहिवासी तुमच्या बाजूने उभे राहतील. नाहीतर एखाद्या पहाटे आळ्यांच्या तोंडाशी फाटके बसतील आणि मग मोठ्या गटांबरोबर लहान गटांनाही वाट मिळणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्टपणे लिहितो.

एका मार्गदर्शकाबरोबर बाराहून अधिक माणसे असू नयेत, आणि एकाच आळीत दोन गटांमध्ये किमान अर्ध्या तासाचे अंतर असावे. त्यासाठी सर्व आयोजकांनी मिळून शनिवार-रविवारचे सामाईक वेळापत्रक करावे.

स्पीकर पूर्णपणे बंद व्हावेत, सहापूर्वीही आणि सहानंतरही. सहा वाजेपर्यंत निवासी बोळांत थांबून बोलू नये. तोपर्यंत नदीकाठ, ओंकारेश्वर, मंडई अशा मोकळ्या जागा दाखवाव्यात.

कोणत्याही खासगी वाड्यात रहिवाशांच्या आगाऊ आणि लेखी संमतीशिवाय प्रवेश करू नये, संमती मिळाली तरी माणसांचे चित्रीकरण करू नये, आणि वरच्या मजल्यावर गट नेऊ नये. आजवर न विचारता टाकलेले आमच्या घरांतील व्हिडिओ काढून टाकावेत.

ज्या वाड्यात, कारखान्यात किंवा दुकानात गट थांबतो, त्यांना प्रत्येक फेरीच्या शुल्कातून ठरावीक वाटा द्यावा, आणि मार्गदर्शकांना प्रत्येक फेरीचे मानधन द्यावे.

फेरीत सांगितल्या जाणाऱ्या मजकुराची टिपणे इतिहासाच्या जाणकारांकडून तपासून घ्यावीत आणि त्यांत नोंदलेली घटना व ऐकीव कथा वेगळ्या दाखवाव्यात. भुताच्या नावाने होणाऱ्या जाहिराती थांबवाव्यात. वर्षभराच्या फेऱ्यांत गंज पेठ, सोमवार पेठ आणि पूर्वेकडच्या इतर पेठांना योग्य जागा द्यावी.

यांतली कोणतीही मागणी खर्चाच्या आवाक्याबाहेरची नाही. टिपणे तपासण्यासाठी माझ्याजवळची कागदपत्रे, जुने नकाशे आणि माझा वेळ मी कोणताही मोबदला न घेता देईन. आमच्या आळीतील रहिवासी तुमच्याशी बोलायला तयार आहेत. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या वाड्याच्या चौकात बसून हे वेळापत्रक ठरवता येईल. येणार की नाही, हे कृपया आठ दिवस आधी लेखी कळवावे.

आपला,
कसबा पेठेतील एक रहिवासी व मार्गदर्शक